जित्याचं रडणं

भिकाबाईनं माइक हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, नाकाशी नेऊन हुंगला आणि देविदासच्या मांडीवर परत ठेवून दिला.

"ह्याच्यात न्हाई रडत मी," ती म्हणाली.

"काकी, उद्या पाव्हणे येऊन राहिले. पार पुण्याहून."

"येऊ दे की! चहा पाजू, जेवू घालू. पाव्हण्यांसाठी रडावं लागतं हे कुठं लिवलंय?"

ही सगळी बोलणी चालली होती गोरमाटीत, तांड्याच्या आपल्या बोलीत. ती इथं मराठीत सांगायची तर अशीच सांगावी लागणार. देविदास राठोड कनेरगाव नाक्याच्या शाळेत मास्तर होता, वय एकोणतीस, आणि दोन वर्षांपासून त्याला एकाच गोष्टीनं झपाटलं होतं. बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलुख पालथा घालणाऱ्या आपल्या लोकांच्या आठवणी, त्या आठवणी सांगणाऱ्यांच्याच आवाजात उतरवून ठेवायच्या. त्यानं म्हाताऱ्यांची यादी केली तेव्हा तीत नऊ नावं होती. दोन वर्षांत पाच नावांवर काट मारावी लागली.

आता हे काम काही नुसत्या हौसेवर होत नाही. चांगली टेप पाहिजे, कॅसेटी पाहिजेत, तांड्यातांड्यांवर फिरायला आणि उतरवून घ्यायला माणूस पाहिजे. देविदासनं कुणाकुणाचे उंबरे झिजवले नाहीत! एका साहेबानं चष्म्यावरून बघत विचारलं, "इतिहास तर पुस्तकात आहे की गुरुजी, पुन्हा कशाला?" एका पुढाऱ्यानं खांद्यावर हात टाकून सांगितलं, त्यापेक्षा तांड्याला झकास कमान बांधून देतो. शेवटी पुण्याच्या एका संस्थेचं पत्र आलं: नमुना पाठवा. देविदासनं यादीतल्या संतराम नाईकाला टेपेसमोर बसवलं, तर म्हातारा कोर्टात साक्ष द्यावी तसा ताठ बसून मोजकं बोलला. संस्थेनं कळवलं की नमुन्यात जिवंतपणा जाणवत नाही. दोन माणसं प्रत्यक्ष पाठवतो, त्यांचं समाधान झालं तर सोमवारच्या बैठकीत मंजुरी, नाहीतर अर्ज निकाली.

आणि अर्जात बायकांच्या रडण्याचं लिहून बसला होता तो स्वतःच. तांड्यात माणूस गेलं की बाया गोल करून बसतात, एकमेकींच्या गळ्यात हात टाकतात आणि सुरावर रडतात. त्यात गेलेल्या माणसाचा अख्खा जन्म येतो. कुठल्या दुष्काळात जन्मला, कुठला बैल त्याचा लाडका, कुणी त्याला फसवलं, त्यानं कुणाला. देविदासचा बाप हिरासिंग गेला तेव्हा त्यानं ते ऐकलं होतं. बाप बारा वर्षांचा असताना बैलांमागं हैदराबादेपर्यंत अनवाणी गेला होता, हे त्याला त्या दिवशी कळलं. हिरासिंग जन्मभर जे बोलला नाही ते बायांनी तासाभरात सांगून टाकलं होतं.

"मग बापूंचं रडा," देविदास म्हणाला. "ते तर खरंच गेले."

"त्याचं रडून झालं. एकदा लावून दिलेल्याला माघारी बोलावतात व्हय रे? वाट अडती त्याची."

"थोडं. दहा मिनिटं."

"अरे, रडणं म्हंजे काय भजन हाय? पेटी आली की झालं सुरू?" भिकाबाई आता चिडली. "रडताना पोटात काई ठिवता येत न्हाई. जाणाऱ्याला समदं सांगावं लागतं, म्हणून तर रडतात. खोटं खोटं काय सांगू मी, कुणाला सांगू?"

देविदास उठला. त्यानं वायर गुंडाळायला घेतली, ती काही नीट गुंडाळली जाईना.

"राहू द्या मग," तो म्हणाला. "तुमी चौघं गेलात की मिटलं सगळं. आपण कोण व्हतो ते कुत्र्यालाही कळणार न्हाई."

त्याचा आवाज फाटला. मास्तर झालेला, चारचौघांत सफारी घालून फिरणारा बाप्या पोरासारखा रडकुंडीला आलेला पाहून भिकाबाईला वाईट वाटलं असावं. तिनं चुलीपुढं बसलेल्या रूपाबाईकडं पाहिलं. रूपाबाई म्हणजे देविदासची आई. तिनं भाकरी उलटली, वर बघितलं नाही.

"आण उद्या त्यांना," भिकाबाई म्हणाली. "बघू काय ते."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास जीप आली. पुण्याची जान्हवी, पंचविशीतली मुलगी, खांद्याला शबनम आणि हातात वही. आणि संस्थेचे हिंगोलीतले सभासद विष्णुपंत, निवृत्त हेडक्लार्क, ज्यांच्या बगलेतली फाइल चहा पितानाही खाली ठेवली गेली नाही. देविदासनं त्यांना लिंबाखाली बाजेवर बसवलं. बाया एकेक करून येऊ लागल्या. भिकाबाईनं जान्हवीच्या हनुवटीला हात लावून बोटं मोडली. सगळं कसं छान जुळून आलं होतं, आणि नेमकं तेव्हाच रूपाबाई रिकामा डबा घेऊन पुढं आली.

"दही आण नाक्यावरून."

"आता? शेजारच्या पिंटूला धाड की."

"पिंटू न्हाई. तूच जा."

"याडी, अगं आता सुरू होईल! मी न्हाई तर हे लोक..."

"पाव्हण्यांच्या ताटात दही न्हाई, चांगलं दिसतं व्हय?" ती त्याच्याकडं न बघताच बोलत होती. "जा म्हंते ना."

याडी म्हणजे आई, आणि आईपुढं कुणाचं काय चालतं? देविदासनं जान्हवीला टेप दाखवली, कुठली दोन बटणं एकदम दाबायची ते दोनदा सांगितलं आणि लुनाला पाय मारत निघाला. मनातल्या मनात तो जळत होता. दोन वर्षं ज्या दिवसासाठी चपला झिजवल्या, त्या दिवशी आपण दही आणायला! पण त्याचं नशीब म्हणा की आणखी काही, अर्ध्या वाटेवरच सटवाजी गवळी सायकलवरून समोर आला. दही त्याच्याकडंच होतं. डबा भरून घेऊन देविदास माघारी वळला. नाक्यापर्यंत जाऊन यायला पाऊण तास लागला असता, तो वीस मिनिटांत परत आला.

तांड्याच्या अलीकडं, वळणावरच, त्याला तो सूर ऐकू आला.

त्यानं झटकन लुना बंद केली. इंजिनाचा आवाज टेपेत जायला नको. हँडल धरून तो गाडी ढकलत निघाला आणि त्याचं काळीज आनंदानं थुईथुई नाचायला लागलं. हेच! हेच ते! बापू गेले तेव्हाचं हेच! भिकाबाई उचलून देत होती, बाकीच्या धरून ठेवत होत्या, मध्येच एखादी हुंदक्यावर सूर सोडत होती. वा गं म्हातारे, मान गये! त्यानं गाडी कुडाला टेकवली, डबा हातात तसाच, आणि आपल्याच घराच्या मागच्या बाजूनं चवड्यांवर चालत पुढं आला. कुणाचं रडून राहिल्यात, एवढंच त्याला आता कळायला पाहिजे होतं.

"...कशी रं तुझी लुना उभी दारात, देवा, अन् तू कसा निघाला पायी..."

देविदास जागच्या जागी थिजला.

"...पुसेगावहून तुझी दिपा येईल, दारात हाक कुणाला मारील..."

बायको दिपा खरंच माहेरी पुसेगावला गेली होती. लुना खरंच त्याची होती. चार भिंतींपलीकडं, भर उन्हात, सात-आठ बाया त्याला मारून, बांधून, वाटेला लावत होत्या. त्यानं वेड्यासारखा आपला हात पाहिला. हात जागेवर होता, हातात दह्याचा डबा होता. पळत जावं आणि ओरडावं, अगं मी इथं हाय, असं त्याला वाटलं, पण पाय हलेनात. मेलेल्या माणसानं कसं ओरडायचं?

आता एकटा आवाज वर आला. तो आईचा होता.

"शाळेत पयला आलास रं देवा, बक्षीस द्यायला सायेब आले. तू म्हणालास, याडी, घागरा घालून येऊ नको, पोरं हसत्यात. म्या आले न्हाई. त्या दिसापासून शाळेची वाट सोडली म्या, देवा, लांबून जाते मी बाजाराला..."

देविदासनं भिंतीला पाठ लावली. हे त्याला आठवतच नव्हतं. आठवत नव्हतं असं तरी कसं म्हणावं. सातवीतली गोष्ट होती, तो बोलला होता आणि विसरून गेला होता. आई मात्र बाजाराला कायम ओढ्याकडून का जाते, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. आणि याच पोरानं आता घागऱ्यांचे, गाण्यांचे, नथीबांगड्यांचे फोटो अर्जाला जोडून पुण्याला पाठवले होते! लाजेनं त्याचे कान तापले. एवढ्यावर थांबलं असतं तरी पुष्कळ होतं.

"एका फडक्यात दोघं आला रं तुमी," रूपाबाई रडत होती. "पाटाच्या कामावर, खडीच्या ढिगाआड, दोघं. तू अन् तुझी बहीण. दुष्काळ असा की कावळ्याला दाणा न्हाई. माझ्या एका छातीला दूध, दुसरी कोरडी. तुला दुधाकडं घेतलं म्या. तिला कोरडीकडं."

सगळ्या बायांनी तो सूर झेलला. एकीचाही आवाज अडखळला नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

"सात दिस ती कोरडं वढत राहिली. रडली न्हाई. सासूनं सांगितलं न्हाई, तुझ्या बापूनं सांगितलं न्हाई, माझं मीच केलं. पोरगं जगलं पायजे म्हणून मीच केलं रं देवा. डाव्या कुशीवर पुन्हा निजले न्हाई मी. आता तू तिच्याकडं चाललास..."

इथं रूपाबाईचा सूर तुटला. श्वास घेऊन तिनं तो पुन्हा धरला.

"...तिला म्हणावं, याडीला इचारू नको. तू पिला तेच तिचं व्हतं, तूच सांग तिला. तुझ्या तोंडून सांग."

डबा हातातून सुटला. दही मातीवर सांडलं, झाकण गडगडत कुडाला जाऊन आपटलं, आणि बायांचं रडणं एकदम थांबलं.

देविदास पुढं आला. तो आला म्हणण्यापेक्षा तो दिसला, एवढंच. रूपाबाईनं त्याला पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला. भिकाबाई ताडकन उठली.

"मेल्या! दही आणाया धाडलं व्हतं ना तुला? काहून आलास इतक्या लौकर?"

देविदास आईकडंच बघत राहिला.

"जित्याचं रडलं की त्याचं आयुष्य वाढतं," ती त्याच्या छातीवर बोटं आपटत सांगत होती. "पन त्यानं ऐकायचं नसतं रं, लेकरा! त्यानं ऐकायचं नसतं. आमी म्हणलं कुणाचं रडावं? डोळ्याला खोटं पाणी येत न्हाई. ज्याच्या जाण्यानं काळीज फाटंल असा हाय कोण? तूच हायेस. म्हणून तुझं घेतलं. तुझ्याच कामासाठी घेतलं!"

खट्ट करून टेप थांबली. कॅसेटची बाजू संपली होती. जान्हवीचे डोळे भरून आले होते, तिनं ओढणीनं नाक पुसलं.

"सर, मला शब्द एक कळला नाही, पण अंगावर काटा आला," ती म्हणाली. "असं मी आजवर ऐकलं नाही. कोण गेलंय हो?"

"मी," देविदास म्हणाला.

ती हसली. मग तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू विरून गेलं.

विष्णुपंतांचं लक्ष फाइलीत होतं. त्यांनी एक छापील कागद काढून बाजेवर ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं. माणूस वाईट नव्हता. मनापासून खूश झाला होता.

"गुरुजी, तुमचं काम झालं म्हणून समजा. मी स्वतः शिफारस करतो. एवढं नोंदपत्र तेवढं भरून द्या. रुदन कोणाविषयी, त्याचं नाव, जन्म, मृत्यू, आणि खाली थोडक्यात मराठीत आशय. याच्याशिवाय सोमवारी टेप ऐकतच नाहीत, नियम आहे."

कागद वाऱ्यानं फडफडला. जान्हवीनं त्याच्यावर बोट ठेवलं. देविदासनं त्या रकान्यांकडं पाहिलं. आपल्या मनानं काहीतरी लिहून द्यावं, झालं. कुणी नाईक, कुणी सटवा, बैलांमागं गेला, म्हातारा होऊन मेला. पुण्यात कोण गोरमाटी जाणतो? टेपही जाईल आणि पैसाही येईल. किंवा कॅसेट काढावी, चुलीत घालावी आणि पाव्हण्यांना हात जोडावेत. दोन्ही त्याच्या हातात होतं, आणि त्याचे हात पार गळून गेले होते.

"काय विचारून राहिले ते?" रूपाबाईनं विचारलं.

"नाव," तो म्हणाला. "कुणाचं रडलात त्याचं नाव."

रूपाबाई उठली. गुडघ्यावर हात टेकत आली आणि बाजेजवळ, विष्णुपंतांच्या पुढ्यात, जमिनीवर बसली. मग मराठीत बोलली. बाजारात बोलायची तेवढीच मराठी तिला येत होती.

"सायेब, हा जिता हाय. हा माझा पोरगा. ह्याचं रडणं खोटं. ह्याची बहीण व्हती जुळी, दुष्काळात मेली. म्या तिला दूध दिलं न्हाई. ह्याला दिलं. तिचं लिवा."

जान्हवीचा हात तोंडावर गेला. विष्णुपंत पेन धरून तसेच बसून राहिले. चाळीस वर्षं त्यांनी जन्ममृत्यूचे कागद हाताखालून घातले असतील, पण असा अर्ज त्यांच्यापुढं कधी आला नव्हता.

"याडी," देविदास कसाबसा बोलला, "हे पुण्याला जाईल. लोक ऐकतील. लिहून ठेवतील."

"ऐकू दे."

"अगं, पण तू..."

"तांड्याला ठावं व्हतं. तुला ठावं नव्हतं, म्हणून भ्यायचे मी. आता तुला ठावं झालं. आता कुणाला भिऊ?" तिनं डोळे पुसले. "तिचं कुठंच काई न्हाई रं. बाळाला कुणी रडत न्हाई, दगड न्हाई, कागद न्हाई. पाटाच्या भरावाखाली ह्या भिकीनं पुरली, त्याच्यावरनं आता पाणी जातं. माझ्यामागं तिला कोण म्हणील व्हती म्हणून?"

भिकाबाई तोंड फिरवून लिंबाच्या बुंध्याला टेकली होती. तिच्या खांद्यांवरून ती काय करतेय ते दिसत होतं.

विष्णुपंतांनी कागद पुढं केला, मग माघारी घेतला, मग पेनासकट देविदासच्या हातात दिला.

"तुम्हीच लिहा, गुरुजी," ते हळूच म्हणाले. "तुमचं अक्षर चांगलं आहे."

देविदास आईसमोर जमिनीवर बसला. फाइल मांडीवर घेतली. मराठीत विचारावं की गोरमाटीत, त्याला कळेना. दोन वर्षं तो म्हाताऱ्यांना प्रश्न विचारत फिरला होता, पण एक प्रश्न विचारताना जीभ अशी कधी जड झाली नव्हती.

"तिचं नाव काय, याडी?"

"जमनी," रूपाबाई म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि नाव बाहेर आल्यावर तोंड मिटायचं विसरून त्याच्याकडं बघत राहिली.

त्यानं लिहिलं. जमनी हिरासिंग राठोड. फळ्यावर पहिलीच्या मुलांसाठी काढावं तसं सुटं सुटं, ठसठशीत अक्षर.

पुढचा रकाना जन्मतारखेचा. तारीख आईला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. पण त्याची स्वतःची तरी कुठं कुणाला ठाऊक होती? शाळेत नाव घालताना गुरुजींनी वर्ष अंदाजानं धरलं आणि जी तारीख तांड्यातल्या साऱ्या पोरांना लावून दिली तीच त्यालाही लावून दिली होती. नोकरीच्या कागदावर, रेशनच्या कागदावर तीच होती. त्यानं ती तिलाही लिहिली: एक जून एकोणीसशे त्र्याहत्तर.

मग मृत्यूच्या रकान्यापाशी तो थांबला. एकात सात मिळवले. आठ जून, असं लिहिलं.